नोकरीनंतरची रात्रपाळी

तुमच्या घरी अलीकडे असे काही घडते का, ते आठवून पाहा. मुलगा किंवा सून संध्याकाळी कामावरून परततात. जेवणे होतात, ओटा आवरला जातो आणि साडेनऊच्या सुमारास आतल्या खोलीचे दार लागते. पंखा बंद केला जातो. बाहेरच्या टीव्हीचा आवाज कमी करावा, अशी विनंती येते. मग दाराआडून एकच वाक्य पाच-सहा वेळा ऐकू येते, 'नमस्कार मंडळी, आजच्या भागात आपण पाहणार आहोत...' दर वेळी जरा वेगळ्या सुरात. बारा वाजून गेले तरी दाराखालच्या फटीतून पांढरा प्रकाश येतच असतो. सकाळी तोच मनुष्य तांबारलेल्या डोळ्यांनी डबा घेऊन घराबाहेर पडतो.

माझ्या दवाखान्यात गेली काही वर्षे या विषयावरच्या तक्रारी दोन्ही बाजूंनी येतात. आईवडील म्हणतात, 'डॉक्टर, त्याला जरा समजावून सांगा, हल्ली झोपतच नाही.' मुले म्हणतात, 'डॉक्टर, डोके दुखते, मान आखडते, ॲसिडिटी फार वाढली आहे.' दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते; पण त्या एकाच वेळी, एकमेकांसमोर क्वचितच मांडल्या जातात. हा लेख मुलांसाठी नसून तुमच्यासाठी आहे. दाराआड काय चालले आहे हे नीट उमगले, तर तुम्हांला त्यात पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.

नावाची पेढी

या उद्योगाला तरुण मंडळी 'पर्सनल ब्रँड' म्हणतात. नोकरी ज्या कंपनीत आहे, त्या कंपनीचे नाव बाजूला ठेवून स्वतःच्या नावाने इंटरनेटवर ओळख निर्माण करायची, असा त्याचा सरळ अर्थ. कोणी हिशेबाची कामे शिकवतो, कोणी पाककृती दाखवते, कोणी गडकिल्ल्यांची माहिती सांगतो, कोणी मोडी लिपी शिकवते. कल्पना मुळीच नवी नाही. तुमच्या लहानपणी गावात अमुक वैद्यांचे चूर्ण, तमुक काकूंचा गोडा मसाला असे म्हणत आणि लोक चार गल्ल्या ओलांडून तेथेच जात. पुण्यातील 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी तरी दुसरे काय सांगत होती? नाव हेच भांडवल.

फरक एकच आहे, आणि वैद्यकीय दृष्टीने तो फार मोलाचा आहे. त्या पाटीखाली दुसरी एक पाटी असे, 'दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील'. त्या पाटीची पुणेकरांनी पुष्कळ थट्टा सोसली. माझे मत विचाराल तर तो दुकानदार शहाणा होता. मोबाइलमधल्या या नव्या दुकानाला फळी लावण्याची सोयच नाही. गिऱ्हाईक मध्यरात्री येते, पहाटे येते, परदेशातून येते, आणि दुकानदार उशाशी मोबाइल ठेवून गल्ला मोजत राहतो.

तरीही 'रिकामटेकडे उद्योग' असे म्हणून हा विषय मोडीत काढू नका. तुमच्यापैकी पुष्कळांनी एकाच ठिकाणी तीस-तीस वर्षे नोकरी केली आणि आज दरमहा पेन्शन घेता. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून शासकीय सेवेत आलेल्या बहुतेकांनाही ती जुनी पेन्शन लागू झाली नाही. खासगी नोकरीची तर गोष्टच निराळी. चाळिशीतला मनुष्य एका ईमेलने घरी बसतो, हे या पिढीने शेजारच्या फ्लॅटमध्ये पाहिले आहे. नोकरी गेली तरी आपले नाव आपल्याजवळ राहावे, असे त्याला वाटले तर त्यात वावगे काय? शिवाय दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाखाली काम केल्यावर तासभर आपल्या आवडीचे काही करावे, ही ओढही खरी असते. ती ओढ आरोग्याला चांगलीच असते.

प्रश्न ओढीचा नाही. प्रश्न आहे तो तास कोठून आणायचा, याचा.

चोवीस तासांचा हिशेब

माझ्याकडे येणाऱ्या एका अडतीस वर्षांच्या गृहस्थांबरोबर मी हा हिशेब कागदावर मांडला होता. कार्यालयात नऊ तास, जाण्यायेण्यात दोन. उरले तेरा. आंघोळ, जेवणखाण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, वडिलांची औषधे, बँकेची कामे यांत साडेतीन ते चार तास जातात, आणि हे कमीच धरले. उरले नऊ. झोपेला सात तास हवेत. अमेरिकेतील निद्राविज्ञानाच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये प्रौढांसाठी एकमताने सांगितलेली ही किमान मर्यादा आहे. म्हणजे हाती राहिले जेमतेम दोन तास. त्यात पत्नीशी बोलणे आले, फिरणे आले, आईवडिलांजवळ बसणेही आले.

हे गृहस्थ रोज तीन तास व्हिडिओसाठी देत होते. दोनातून तीन वजा कसे होतात? झोपेतून उसने घेऊन. रात्री एकला झोपायचे आणि साडेपाचला उठायचे. त्यांचा रक्तदाब १५०/९६ होता आणि पुन्हा दोन वेळा पाहिला तेव्हाही त्याच्या आसपासच होता. घरात आईला उच्च रक्तदाब, वडिलांना मधुमेह. 'पण डॉक्टर, मी तर बसूनच असतो, श्रम काहीच नाहीत,' असे त्यांचे म्हणणे होते.

श्रम नसले तरी ते काम होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आता मोजा. कार्यालयाचे ४५ तास आणि रात्रीचे तीन तासांप्रमाणे पाच दिवसांचे १५, म्हणजे ६०. रविवारचे चित्रीकरण अजून धरलेलेच नाही. कंपनीच्या हजेरीपटावर ४५ आणि शरीराच्या हजेरीपटावर ६०. शरीर पगारपत्रक पाहत नाही.

आता हा उद्योग किती दिवसांचा, तेही तुम्हांला ठाऊक असावे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी सामान्यतः १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ लागतात. चार हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. एका प्रेक्षकाने सरासरी तीन मिनिटे पाहिले असे धरले, तर ऐंशी हजार वेळा कोणीतरी ते पाहिले पाहिजेत. बहुतेकांना येथवर पोहोचायला दीर्घ काळ लागतो आणि पुष्कळ जण पोहोचतही नाहीत. मग पहिल्या तीन महिन्यांतच रात्रीचा दिवस करून काय साधते? आषाढीच्या वारीत चालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम आधी ठरलेला असतो, आणि म्हणूनच सत्तरीची माणसेही पंढरपूरपर्यंत पोहोचतात.

रात्री शरीरात काय होते

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ही रोजची विश्रांती असते. झोप चार-साडेचार तासांवर आली की ही विश्रांतीच तोकडी पडते. साखरेचेही तसेच. १९९९ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास अंथरुणात राहू दिले. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची रक्तातील साखर खाली आणण्याची क्षमता स्पष्टपणे घटली. पुरेशी झोप मिळाल्यावर ती सुधारली. ज्या घरात आईला किंवा वडिलांना मधुमेह आहे, त्या घरातील मुलाने हा प्रयोग स्वतःवर वर्षानुवर्षे करू नये.

त्यात दिव्याची भर पडते. चित्रीकरणासाठी चेहऱ्यापासून हातभर अंतरावर जो गोल पांढरा दिवा लावतात, तो मेंदूला अजून दिवस असल्याचे भासवतो. अंधार पडल्यावर झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक अशा प्रकाशात दबते. मग बाराला दिवा मालवला तरी झोप एकपर्यंत येत नाही. दहा वाजता घेतलेली कॉफीही सोबतीला असते; कॉफीतील कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात, म्हणजे पहाटे तीनला अर्धा कप अजून अंगातच.

दिव्याहून वाईट म्हणजे आकडे. व्हिडिओ टाकून झाला की किती जणांनी पाहिला, किती जणांना आवडला, कोणी काय लिहिले, हे दर पाच मिनिटांनी पाहण्याची सवय लागते. मटक्याच्या काळात 'ओपन' आणि 'क्लोज'ची वाट पाहत जागणारी माणसे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. आकडा कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणूनच नजर तेथून हलत नाही. एखाद्या अनोळखी माणसाने तिरकस दोन शब्द लिहिले की नाडी जलद होते आणि ती रात्र संपते. झोपेच्या गोळीची मागणी करणाऱ्या तरुणांना मी अलीकडे पहिला प्रश्न हाच विचारतो की, मोबाइल रात्री कोठे असतो? उत्तर 'उशाखाली' असेल तर चिठ्ठीवर गोळी लिहीत नाही.

मान, डोळे आणि आवाज यांच्या तक्रारी त्यामानाने लवकर सुटतात. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. मोबाइल मांडीवर न ठेवता डोळ्यांच्या पातळीवर धरावा. आवाजाबद्दल मात्र दोन शब्द अधिक सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. दिवसभर वर्गात किंवा फोनवर बोलणारी व्यक्ती रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून दबक्या आवाजात चित्रीकरण करते. कुजबुजल्याने स्वरयंत्राला विश्रांती मिळते, हा समज चुकीचा आहे. दाबून बोलल्याने ताण वाढतो. घसा तीन-चार आठवडे बसलेलाच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, आणि तंबाखू असेल तर त्याहीआधी.

आजींचे ताट

आता तुमच्याविषयी. घरातल्या एकाच्या रात्रपाळीचा भार घरातल्या सर्वांवर पडतो, आणि जो औषधांच्या वेळांवर जगतो त्याच्यावर सर्वांत आधी.

गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग, नाव-गाव वगळून सांगतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, रात्री जेवणाआधी ग्लिमेपिराइडची गोळी. सून विमा कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करते आणि शनिवार-रविवारी पारंपरिक पदार्थांचे व्हिडिओ बनवते. हाताला चव आहे, बोलणे गोड आहे. मीही ते व्हिडिओ पाहतो. त्या शनिवारी वालाचे बिरडे आणि अळूवड्या होत्या. आजींनी साडेसातला सवयीप्रमाणे गोळी घेतली. केळीच्या पानावर ताट वाढून तयार होते. पण एकदा वीज गेली, मग मोबाइलची जागा भरली, मग वड्या तळतानाचे दृश्य पुन्हा घ्यावे लागले. चित्रीकरण संपेपर्यंत पानाला कोणी हात लावायचा नव्हता. नऊ वाजता आजी घामाघूम झाल्या, विचारलेल्याचे उत्तर भलतेच देऊ लागल्या. घरच्यांना वाटले, जेवायला उशीर झाला म्हणून रुसल्या आहेत.

नातवाने मला फोन केला. मी दोन इमारती पलीकडेच राहतो. ग्लुकोमीटरवर साखर ४८ होती.

पाण्यातून साखर दिली, पंधरा मिनिटांनी ८१ झाली, मग त्या तेथेच बसून जेवल्या. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे पुन्हा तपासायला सांगितले, कारण या गोळीचा परिणाम बराच काळ राहतो आणि साखर परत उतरू शकते. हे तुम्हीही ध्यानात ठेवा. मधुमेहावर इन्शुलिन किंवा अशी गोळी चालू असलेल्या माणसाला घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे किंवा एकाएकी चिडचिड झाली, तर तो स्वभाव समजू नका, साखर तपासा. ७० पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, गरज वाटल्यास पुन्हा द्या आणि मग जेवू घाला. यंत्र हाताशी नसेल तर वाट न पाहता साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक रुग्णालयात न्या.

त्या घरातील व्हिडिओ बंद झाले नाहीत आणि ते व्हावेत असे मीही सुचवले नाही. सुनेने एक नियम केला. आठ वाजता आजींचे ताट आधी वाढायचे, मोबाइल नंतर. आता पदार्थ दुपारी होतात, उजेडही चांगला मिळतो, आणि आजी चव पाहून मिठाचे प्रमाण सांगतात. तेही व्हिडिओत येते.

याच प्रसंगाला जोडून एक गोष्ट, घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची सावधानता आणि प्रतिसादाचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना असतो तितपत मंदावतो, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. पहाटे सहाला उठलेली व्यक्ती रात्री अकराला चित्रीकरण संपवून सासऱ्यांचे इन्शुलिन मोजते, तेव्हा तिचे सतरा तास भरलेले असतात. रात्रीचे औषध चित्रीकरणाआधी. हा नियम फ्रिजवर लिहून लावावा.

कॅमेऱ्यासमोर बसण्यापूर्वी

तुमच्यापैकी काहींना स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर बसवले जाते. कित्येकांना ते मनापासून आवडते आणि त्याने त्यांचे भलेही होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे किशोरवयीन नातवाच्या मदतीने 'आपली आजी' म्हणून महाराष्ट्रभर पोहोचल्या, हे तुम्हांला ठाऊकच असेल. निवृत्तीनंतर कोणी आपले ऐकत नाही, ही खंत मी रोज ऐकतो. ज्याच्याकडे ऐकण्यासारखे आहे आणि ज्याला सांगायचे आहे, त्याने अवश्य सांगावे.

पण 'नको' म्हणण्याचा हक्क तुमचाच आहे. डुलकी लागलेली असताना, कवळी काढलेली असताना, वाकरवर चालताना कोणी 'गंमत म्हणून' चित्रीकरण करत असेल, तर स्पष्ट नकार द्या. पोटच्या मुलाला नाही म्हटल्याने माया आटत नाही. औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, घराचा दरवाजा, दुपारी तुम्ही घरी एकटे असता ही माहिती, यांपैकी काहीही पडद्यावर जाता कामा नये. वृद्धांना फसवणारे लोक तेवढ्यासाठीच टपलेले असतात.

सर्वांत अवघड प्रश्न विस्मरणाच्या आजाराचा आहे. डिमेन्शिया झालेल्या वडिलांची रोजची शुश्रूषा दाखवणारे व्हिडिओ करावेत का, असे मला एका मुलीने विचारले होते. ती नोकरी करून वडिलांना सांभाळते आणि तिला शिकायला मिळालेले इतर घरांना उपयोगी पडावे, असा तिचा शुद्ध हेतू होता. असा रुग्ण संमती देऊ शकत नाही. त्याने मान हलवली तरी ती संमती नव्हे. मी तिला एवढेच विचारले की, दहा वर्षांपूर्वीचे तुमचे वडील, मुख्याध्यापक असतानाचे, इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय दार न उघडणारे, त्यांना हे चालले असते का? ती बराच वेळ गप्प राहिली. आता ती वडिलांना न दाखवता स्वतः बोलते. अंघोळीसाठी राजी कसे करावे, रात्री दाराला कडी कशी लावावी, चिडले तर वाद का घालू नये, हे सारे ती सांगते. वडील कोठेही दिसत नाहीत.

आणि तिच्याबद्दल हेही सांगितले पाहिजे की, त्या आठवड्यातल्या एका तासाने तिला सावरले आहे. शुश्रूषा करणारी व्यक्ती हळूहळू केवळ कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी सून एवढीच उरते. स्वतःच्या नावाने कोणी ओळखणे हे तिच्या बाबतीत चैनीचे नसते. अशा वेळी एखाद्या रविवारी दोन तास वडिलांजवळ बसायला मावशी किंवा भाऊ आला, तर ती मदत कोणत्याही टॉनिकहून मोठी. तुम्ही स्वतः हिंडतेफिरते असाल तर ते दोन तास तुम्हीच द्या.

व्हिडिओ आरोग्यविषयक सल्ल्याचे असतील तर थोडी अधिक सावधगिरी हवी. पाणी प्यावे, व्यायाम करावा, असे सांगायला हरकत नाही. पण अमुक काढ्याने मधुमेह जातो, असे घरातल्या कोणी सांगू लागले, तर ते तुम्हीच थांबवा. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्यावर बोलणाऱ्या तज्ज्ञाने आपली पात्रता सांगणे, आणि तज्ज्ञ नसणाऱ्याने हा वैद्यकीय सल्ला नाही असे स्पष्ट करणे अपेक्षित आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच नोकरीच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाविषयी काय लिहिले आहे, ते मुलाने वाचले आहे का, हेही विचारा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-व्यवसाय करता येत नाही. वरिष्ठांना कळेल की काय, या धास्तीने झोप उडालेले रुग्णही मी पाहिले आहेत.

घराने काय ठरवावे

एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या बाईंची रीत मला पसंत पडली. त्या आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी आठ ते दहा चित्रीकरण करतात. एका बैठकीत दोन भाग. ते कोणत्या दिवशी किती वाजता प्रसिद्ध व्हावेत, हे आधीच लावून ठेवता येते, त्यामुळे रात्री जागावे लागत नाही. लिखाण सासरे तपासतात. ते निवृत्त मराठी शिक्षक आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत कडक आहेत. साडेनऊ वाजता सर्वांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतात, सासऱ्यांचाही. हा शेवटचा भाग सोपा गेला नाही, असे त्या हसत सांगतात. रात्री अकरापर्यंत निरोप पुढे पाठवणारे आजोबा नातवाला काय सांगणार?

तुमच्या घरात दिवस आणि तास वेगळे असतील. पण ते एकदा सर्वांनी बसून ठरवावेत, आणि ते तास कोणाच्या वाट्याचे आहेत हे मोठ्याने बोलले जावे. टीव्हीची मालिका, मुलाचा फिरण्याचा वेळ, सुनेची दुपार, यांतून काय सोडायचे ते ठरवता येते. झोप आणि औषधांच्या वेळा त्या यादीत धरू नयेत. बोलणे काढायचे तर जेवणानंतर दार लागण्याच्या क्षणी काढू नका. सकाळच्या चहाला काढा. आणि टाकलेला व्हिडिओ आधी पाहा. 'तुझा कालचा भाग पाहिला, मधला भाग लांबला' असे म्हणणाऱ्या वडिलांचे पुढचे वाक्य मुलगा ऐकतो.

वर सांगितलेल्या त्या गृहस्थांनी व्हिडिओ आठवड्याला एकावर आणले, रात्री साडेदहाला दिवा मालवण्याचे पथ्य पाळले, मीठ कमी केले, चालणे सुरू केले. तीन महिन्यांनी रक्तदाब उतरला. तरीही औषधाची छोटी मात्रा चालू ठेवावी लागली, कारण घराण्याचा वारसा केवळ झोपेने पुसला जात नाही.

शेवटी एक काम तुमच्याकडे सोपवतो. रक्तदाब मोजण्याचे यंत्र बहुधा तुमच्या घरात आहेच आणि ते तुमच्यासाठीच आणलेले आहे. आठवडाभर ते मुलाच्या किंवा सुनेच्या दंडाला लावा. सकाळी चहापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर, मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मोजताना त्याला मोबाइल पाहू देऊ नका, बोलूही देऊ नका. आणि यंत्राचा पट्टा त्याच्या दंडाला नीट बसतो ना, तेही पाहा. तुमच्या दंडाच्या मापाचा पट्टा त्याला घट्ट झाला, तर आकडा खोटाच चढा दाखवील.